वरची सळई वरच राहिली पाहिजे

गेल्या महिन्यात या पानावर मी माझ्या पेटंट घेतलेल्या ‘खुर्ची’चा, म्हणजे स्लॅबमधल्या वरच्या सळया उचलून धरणाऱ्या चेअरचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. काही थेट तिच्याबद्दल, काही घराबद्दल, एक सहीबद्दल. जागेपुरती पाच घेते.

प्रश्न : मॅडम, मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्धा रोडवर एकाच खांबावर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो बघते तेव्हा वाटतं, आपल्याला हेच करायचंय. घरचे म्हणतात, आयटीत जा. सिव्हिलमध्ये पगार कमी आणि मुलीच्या जातीला साईटवरची धूळ. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर व्हायला काय लागतं? आणि तुम्ही पेटंटपर्यंत कशा पोचलात?
— एक विद्यार्थिनी, हुडकेश्वर

उत्तर : पगाराबद्दल घरचे बोलतात ते खोटं नाही. पहिली चार-पाच वर्षं तुझ्या वर्गातली आयटीवाली मुलं तुझ्यापेक्षा जास्त कमावतील. हे आधीच कबूल करून पुढे जा, म्हणजे दर दिवाळीला मन खट्टू होणार नाही. धुळीचं म्हणशील तर साईटवर मुलीला पहिले सहा महिने बघतात, नंतर ऐकतात. मी लागले तेव्हा सेंट्रिंगवाले मला शिडी धरून द्यायला धावायचे. एकदा मी शिडीवरून प्रॉपचा, म्हणजे स्लॅबखालच्या टेकूचा, वाकडेपणा ओळंब्याने दाखवला, त्यानंतर शिडी कोणी धरली नाही; प्रॉप मात्र सरळ लागू लागले.

कागदाचं सांगते. राज्यात २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे. तिच्या परिशिष्टात स्ट्रक्चरल इंजिनिअरची पात्रता दिली आहे, ती स्वतः वाच. मुख्य गोष्ट म्हणजे सिव्हिलची पदवी आणि साधारण तीन वर्षांचा डिझाईनचा व साईटचा अनुभव. स्ट्रक्चरलमध्ये एम.टेक. केलंस तर अनुभवाची अट कमी होते. त्यासाठी गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि व्हीएनआयटी तर आपल्या नागपुरातच आहे. माझ्या वेळी ते विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेज होतं, आम्ही ‘व्हीआरसीई’ म्हणायचो. परवाना महानगरपालिकेकडे अर्ज करून मिळतो आणि ठरावीक काळाने नूतनीकरण करावं लागतं. ही तीन वर्षं अशा ऑफिसात काढ जिथे सॉफ्टवेअरच्या आधी कागदावर बीम सोडवायला लावतात. मला पहिल्या साहेबांनी आठ महिने कानी मेथडने, म्हणजे हाताने आकडेमोड करत, फ्रेम सोडवायला लावल्या. आज कॉम्प्युटरने चुकीचं उत्तर दिलं तर आकडा बघताक्षणी खटकतो, तो त्या आठ महिन्यांमुळे.

पण सही म्हणजे काय, हे मला परवाना मिळून तीन वर्षं झाल्यावर कळलं.

दक्षिण नागपुरात एक दुमजली बंगला होता. पहिल्या मजल्याला चार फुटी गॅलरी, पाच इंची स्लॅब. गॅलरी म्हणजे कॅन्टिलिव्हर, तिला बाहेरच्या टोकाला आधार नाही. साध्या स्लॅबमध्ये ताण खालच्या अंगाला येतो म्हणून सळई खाली. गॅलरीत तो वरच्या अंगाला येतो म्हणून मुख्य सळई वर. माझ्या नकाशात ती वरच्या तोंडापासून वीस मिलिमीटरवर होती. आदल्या संध्याकाळी मी साईटवर जाऊन एकेक सळई तपासली, तारेच्या गाठी बघितल्या, सही केली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी स्लॅब ओतला.

चौदा दिवसांनी प्रॉप काढले आणि गॅलरीची कडा अर्धा-पाऊण इंच खाली बसली. भिंतीच्या लगत वरून आरपार एक चीर. मी तिथल्या तिथे प्रॉप परत लावायला सांगितले आणि चिरेजवळ छन्नी मारायला लावली. एक इंच गेलं, सळई नाही. दोन इंच गेलं, नाही. तीन इंचांवर छन्नी लोखंडाला लागली. सळई बांधणारा समोरच उभा होता. म्हणाला, “मॅडम, बांधली त वरच होती जी. तुम्हीच पाहून गेल्या ना. बाया घमेले घेऊन वरून गेल्या, त दबली.”

तो खरंच बोलत होता. गॅलरीकडे जायला दुसरी वाट नव्हती. सकाळपासून दुपारपर्यंत डोक्यावर काँक्रीटचं घमेलं घेऊन माणसं त्याच सळयांवरून चालली, आणि दर फेरीला सळई थोडी थोडी खाली गेली. हिशोब साधा आहे. स्लॅबच्या खालच्या तोंडापासून सळई चार इंच वर असायला हवी होती, ती दोन इंचांवर आली. म्हणजे ताकद जवळपास निम्मी, आणि ताठपणा निम्म्याहूनही कितीतरी कमी. नकाशा बरोबर, लोखंड बरोबर, काँक्रीटही बरोबर. गॅलरी तोडून नवी करावी लागली. त्या घरात आजी होत्या, रोज सकाळी त्या गॅलरीत तुळशीला पाणी घालणार होत्या. तो विचार बरेच दिवस डोक्यातून गेला नाही.

वडिलांचं इतवारीत गेट-ग्रिलचं छोटं वर्कशॉप होतं. मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागले. पहिली खुर्ची आठ एमएमच्या सळईची वाकवली. तिचे पाय प्लायवूडमध्ये रुतायचे आणि खाली छताला गंजाचे ठिपके उठायचे. दुसरी सिमेंटची ओतली. माणूस वर उभा राहिला की कड तुटायची. मग पाय रुंद प्लॅस्टिकचे आणि वर लोखंडी खाच, असं केलं. पण सळई खाचेतून बाजूला निसटायची. शेवटी सळई वरून दाबली की ‘टक्’ आवाज करून अडकेल अशी जिभळी केली. आणि खाचेच्या वर वीस मिलिमीटरचं एक लाल बोंड ठेवलं. मिस्त्री पट्टी फिरवतो तेव्हा बोंड पट्टीला जेमतेम टेकलं पाहिजे. उघडं राहिलं तर काँक्रीट कमी पडलंय, पार बुडालं तर सळई दबलीय किंवा स्लॅब जाड झालाय. ज्याला नकाशा वाचता येत नाही त्यालाही ते लाल बोंड वाचता येतं. वडिलांनी भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन स्वतः त्यावर उभं राहून बघितलं होतं. या सगळ्यात अडीच वर्षं गेली. पेटंटचा अर्ज त्यानंतर.

तेव्हा, पूल बघून जे वाटतं ते जपून ठेव, आणि येत्या सुट्टीत एखाद्या साध्या घराच्या स्लॅबला सकाळपासून शेवटचं घमेलं पडेपर्यंत उभी राहा.

प्रश्न : आमची पहिल्या मजल्यावरची चार फुटी गॅलरी भिंत घालून खोलीत घ्यायची आहे. मिस्त्री म्हणतो, साडेचार इंची भिंतीने काय होते? उन्हाळ्यात तिथेच कूलर ठेवतो.
— एक गृहिणी, त्रिमूर्ती नगर

उत्तर : भिंत घालू नका, ताई. नऊ फूट उंचीची साडेचार इंची विटांची भिंत दर मीटर लांबीला सहाशे किलोच्या वर भरते, छपाई वेगळी. आणि हे वजन येणार नेमकं टोकावर, जिथे त्याचा जोर सगळ्यात जास्त. अशी गॅलरी तिचं स्वतःचं वजन, फरशी आणि माणसं धरून जेवढ्या ताणासाठी बनवतात, त्याच्या जवळजवळ दीडपट ताण एकटी ही भिंत आणते. त्यात तुमच्या गॅलरीतली सळई वर आहे की दबलेली, हे कोणालाच दिसत नाही. वरचं पत्र वाचलंत तर माझी काळजी लक्षात येईल.

ऊन-पावसासाठी अॅल्युमिनियमची हलकी खिडकी लावता येईल, पण आधी कोणा इंजिनिअरला गॅलरीच्या मुळाशी, भिंतीलगत, वरून चीर आहे का ते बघू द्या. कूलरमध्ये शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. तो घराच्या भिंतीला लागून ठेवा, कठड्याकडे नको. माती भरलेल्या मोठ्या कुंड्यांचंही तेच.

प्रश्न : मी साईट सुपरवायझर आहे, शिक्षण दहावी. कॉलमला गोणपाट गुंडाळून वरून सलाईनसारखं थेंब थेंब पाणी देणारी एक कडी मी बनवली आहे. एकदा टाकी भरली की दिवसभर कॉलम ओला राहतो. याचा व्हिडिओ टाकला, तो पुष्कळ फिरला. आता मित्र म्हणतात पेटंट घे. मिळेल का? शिक्षण आड येईल का?
— एक वाचक, वाडी

उत्तर : भाऊ, तुम्ही दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. स्लॅबवर आळी करून पाणी साठवता येतं. कॉलम उभा, त्यावर पाणी ठरत नाही. पाईपने सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं की आपल्याकडच्या मे महिन्यात अर्ध्या तासात तो कोरडा. आय.एस. ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक कोरड्या-उष्ण हवेत किमान दहा दिवस तराई, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, सांगतं, आणि फ्लाय-अॅशचं सिमेंट असेल तर चौदा दिवसांची शिफारस करतं. किती कॉलमना ते मिळतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यामुळे तुमचं काम मोलाचं आहे, पेटंट मिळो न मिळो.

शिक्षण आड येत नाही. अर्जात डिग्री विचारत नाहीत. लोखंड घातलेल्या सिमेंटचं १८६७ सालचं फ्रेंच पेटंट ज्याच्या नावावर आहे, तो जोसेफ मोनिए बागकाम करणारा होता. त्याला न फुटणाऱ्या कुंड्या हव्या होत्या. आज आपण सगळे त्याच वाटेवरचं आर.सी.सी. बांधतो. आणि इंजिनिअर म्हणाल तर ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या शहरात आहे, त्या विश्वेश्वरय्यांनी पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडणारे दरवाजे शोधून पेटंट केले. ते १९०३ साली खडकवासल्याच्या धरणाला बसले. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचं, एवढी ती गरज होती.

आता अवघड भाग. पेटंटला वस्तू नवी लागते, आणि नवी म्हणजे अर्जाच्या तारखेआधी ती जगासमोर आलेली नसावी. तुमचा स्वतःचा व्हिडिओसुद्धा यात मोजला जातो. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात दाखवलेल्या वस्तूला बारा महिन्यांची सवलत आहे, तुमच्या व्हिडिओला नाही. म्हणून जे त्या व्हिडिओत पूर्ण उघड झालं, ते हातचं गेलं असं धरा. मला हे लिहिताना वाईट वाटतं, कारण तुम्ही ते लोकांच्या उपयोगासाठी दाखवलंत.

पण व्हिडिओ परत शांतपणे बघा. कडीच्या आतली रचना, थेंब कमी-जास्त करायची युक्ती, वेगवेगळ्या मापाच्या कॉलमना ती कशी बसते, यातलं काय दिसत नाही? आणि त्यानंतर तुम्ही काय सुधारलंत? जे झाकलेलं आहे आणि खरोखर वेगळं आहे, त्यावर अर्ज होऊ शकतो. आता एकही नवा व्हिडिओ, फोटो टाकू नका. आधी तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करा. व्यक्तीला ऑनलाईन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे. त्या तारखेपासून बारा महिन्यांत संपूर्ण तपशील द्यावा लागतो. अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तपासणीची मागणी वेगळी, तिची वेगळी फी, आणि ती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. ती राहून गेली की अर्ज मागे घेतल्यासारखा धरतात. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, मधे नूतनीकरणाची फी भरत राहायची.

त्याआधी शोध घ्या. पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावर तो फुकट घेता येतो. आपलं कार्यक्षेत्र मुंबईचं, पण पेटंटची माहिती देणारं केंद्र १९७५ पासून नागपुरातच आहे. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय संस्थाही सिव्हिल लाईन्समध्ये आहे. वाडीहून एका बसचं अंतर. माझ्या खुर्चीवर परीक्षकांनी पहिला आक्षेप घेतला तो असा, की चेअर जुनी, जिभळी जुनी, माप दाखवणारं बोंड जुनं. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी ठेवल्या तर कायद्याच्या कलम ३ प्रमाणे पेटंट मिळत नाही. मी उत्तरात दाखवलं की जिभळीने सळई पक्की धरली तरच बोंडाचं माप खरं ठरतं, दोन्ही एकमेकांशिवाय निकामी आहेत. हे मला आधी शोध घेतला होता म्हणून लिहिता आलं.

पैशाचं खरं सांगते. हिंगणा एमआयडीसीतले एक साचेवाले माझी खुर्ची बनवतात. पहिल्या साच्याचा खर्च निघायला सहा वर्षं लागली. सुपरवायझरकी सोडू नका.

प्रश्न : बेसा भागात चार वर्षांपूर्वी घर बांधलं. खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा पडल्या. ठेकेदार म्हणतो, काळी जमीन आहे, हे चालतंच.
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, एवढं ठेकेदाराचं बरोबर. ‘चालतंच’ हे बरोबर नाही. पाया मुरमापर्यंत नेला, किंवा मुरूम खोल असेल तर अंडर-रीम्ड पाईल घेतले, तर घर शांत बसतं. या पाईलला खाली शाफ्टच्या साधारण अडीचपट रुंदीचा फुगा असतो. तो जमिनीच्या फुगण्या-आक्रसण्याच्या थराखाली रुतून घराला धरून ठेवतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याच देशातल्या काळ्या जमिनीसाठी ही पद्धत विकसित केली.

बांधलेल्या घरासाठी आधी चीर समजून घ्या. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ आणि तारीख. मधोमध काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. मे अखेरीस आणि सप्टेंबरमध्ये बघा. उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल तर जमीनच हलतेय. दर वर्षी नुसती वाढतच असेल तर थांबू नका, लगेच इंजिनिअर बोलवा. तोवर गच्चीचं पाणी पायाशी पडू देऊ नका, पाईपने लांब न्या. घराभोवती चार-पाच फूट रुंद, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करा. कंपाउंडमध्ये पिंपळ, वड, निलगिरी असं काही भिंतीजवळ असेल तर मला कळवा. चिरा बुजवून रंग देण्याची घाई मात्र करू नका; खूण पुसली जाते.

प्रश्न : मला परवाना मिळून दोन वर्षं झाली. एका जुन्या दोन मजली इमारतीवर आणखी दोन मजले चढवायचे आहेत. मालक नात्यातले आहेत. फोटो पाठवले आणि म्हणाले, स्टॅबिलिटीवर, म्हणजे इमारत मजबूत असल्याच्या दाखल्यावर, सही दे, बाकी आम्ही पाहून घेऊ. नाही म्हटलं तर घरात बोलणी. काय करू?
— एक अभियंता, मानेवाडा

उत्तर : फोटोवर सही करायची नाही. तुम्हाला हे माहीत आहे, म्हणून तर पत्र लिहिलंत.

नात्यात नुसतं ‘नाही’ म्हणण्यापेक्षा कामाची यादी द्यावी, असा माझा अनुभव आहे. मूळ स्ट्रक्चरल नकाशे मागा. नसतील तर निदान दोन ठिकाणी खड्डा घेऊन फुटिंगचं, म्हणजे कॉलमखालच्या पायाचं, माप आणि खालची जमीन बघावी लागेल. कॉलमचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून सळई किती, कोणत्या मापाची, गंजलेली आहे का, हे बघावं लागेल. काँक्रीटचा कठीणपणा बघायला रिबाउंड हॅमर मारावा लागेल, आणि शंका आली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, काढून प्रयोगशाळेत फोडावे लागतील. मग चार मजल्यांचा पूर्ण हिशोब, वाऱ्यासकट. आपल्या नागपूरला आय.एस. ८७५ मध्ये वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. खर्च आणि दिवस लिहून द्या. दहातले सात जण यादी बघून गप्प होतात, आणि उरलेल्या तिघांची इमारत तुम्हाला खरोखर तपासायला मिळते.

माझ्याकडे एकदा मध्य नागपुरातल्या एका संस्थेचे लोक आले होते. जुन्या इमारतीच्या गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी बसवायची होती. म्हणाले, टाकी प्लॅस्टिकची आहे, हलकी आहे. टाकी हलकीच होती; पाणी दहा टन. मी गच्चीवर गेले तर जिथे टाकी ठेवायची तिथे खाली बीमच नव्हता, नुसता स्लॅब. मी टाकी चार कॉलमच्या डोक्यावर लोखंडी बीम टाकून ठेवायचा नकाशा करून दिला. तो महाग वाटला. पुढे काही वर्षं त्यांच्याकडून मला काम आलं नाही, आणि त्या वर्षी ऑफिसचं भाडं भरताना ते जाणवलं. पण मे महिन्यात त्या रस्त्याने जाताना मी मान वर करून गच्ची बघायचे आणि टाकी तिथे नाही हे पाहून पुढे जायचे.

तुमच्या बाबतीत एक करा. नकार तोंडी देऊ नका, फोनवर तर नकोच. पत्र लिहा, तारीख घाला, काय तपासल्याशिवाय सही देता येत नाही ते मुद्द्यांनी लिहा, एक प्रत स्वतःच्या फाईलला लावा. आणि ते पत्र मराठीत लिहा, मालकांच्या घरात सगळ्यांना वाचता येईल असं.